पुन्हा मैदानावर



आमच्या अम्मीच्या घोट्याजवळ एक जखम आहे. भरते आणि पुन्हा चिघळते. अम्मी हळद लावते, पट्टी बांधते आणि वरून सलवार ओढून घेते. 'परक्या डॉक्टरला पाय कसा दाखवू?' एवढेच म्हणते. ही फुगलेल्या नसांची जखम असू शकते, हे मला माझ्याच पोटरीवर निळ्या गाठी आल्या तेव्हा कळले.

वीस वर्षे मी फळ्यापुढे उभी आहे. पायातले रक्त वर नेणाऱ्या नसांमध्ये छोट्या झडपा असतात. त्या सैल पडल्या की रक्त खाली साचते व नस फुगते. तासन्‌तास उभे राहणे, बाळंतपणे, वाढते वजन आणि आईवडिलांकडून आलेला वारसा ही त्याची कारणे. दिवाळीच्या सुट्टीत मी लेझरने ती नस बंद करून घेतली. रक्त मग आतल्या चांगल्या नसांतून वर जाते.

खरी काळजी पुढेच होती. शाळेतल्या मुलींचा खो-खोचा संघ माझ्याकडे आहे. घरात सगळ्यांचे एकच, 'आता पलंगावरून उतरायचे नाही!' डॉक्टरांनी मात्र त्याच दिवशी चालायला लावले. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात आणि रक्त वर ढकलतात. पडून राहिले तर ते साकळण्याचा धोका वाढतो.

पहिला आठवडा घट्ट मोजे घालून घरात व गल्लीत थोडे थोडे चालले. पाण्याची कळशी, धान्याचे पोते उचलणे बंद. नमाज दोन दिवस खुर्चीवर, नंतर रुकू-सजदा जमू लागला. दुसऱ्या आठवड्यापासून पहाटे भुईकोट किल्ल्याकडे फेरी. मग सायकल. महिन्याने हळूहळू धावणे. खो-खो सर्वांत शेवटी, कारण 'खो' मिळताच बसल्या जागेवरून झेपावताना सगळा जोर पोटरीवर येतो.

हे माझे वेळापत्रक झाले. चिरा देऊन नस काढली असेल तर जास्त दिवस लागतात. तुमचे वेळापत्रक तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. जखम भरेपर्यंत पोहू नका. एकाच पोटरीला अचानक सूज आली, ती दुखू लागली किंवा धाप लागून छातीत दुखले, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.

आणि भगिनींनो, इलाजासाठी गरजेपुरता पाय दाखवायला शरीअतमध्ये मुभा आहे. तपासताना नर्सबाईंना जवळ थांबायला सांगता येते, बाकी अंगावर चादर राहते.

परवा मी मुलींबरोबर मैदानाला दोन फेऱ्या मारल्या, अल्हम्दुलिल्लाह. घरी येऊन सांगितले, तर अम्मी बराच वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, "उधर बाई डॉक्टर हय क्या?"

येत्या सोमवारी तिला घेऊन जाते आहे. दुआ करा.