‘रिअलाइज’ला मराठीत शब्द किती?

इंग्रजी उताऱ्याचा अनुवाद करताना ‘रिअलाइज’ हे क्रियापद आले की आपली लेखणी बहुधा ‘जाणीव झाली’ असे लिहून मोकळी होते. ‘अवेअर’ आले, तर ‘जाणीव आहे’. हे चूक नव्हे. परंतु एवढ्यावरच थांबणे म्हणजे घरची कणगी भरलेली असताना शेजारी पायलीभर उसने मागणे होय, असे माझे मत आहे.

इंग्रजीतील हे दोन शब्द मुळातच निराळे. ‘अवेअर’चे नाते सावधपणाशी; तो मनाची स्थिती सांगतो. ‘रिअलाइज’ फ्रेंचमधून आला. ‘प्रत्यक्षात आणणे’ हा त्याचा आधीचा अर्थ. ‘उमजणे’ हा अर्थ त्याला मागाहून लाभला. मराठीत मात्र या प्रवासाच्या पायऱ्यांना स्वतंत्र नावे आहेत.

भवानीनगरचेच उदाहरण घ्या. बारामती-इंदापूरच्या उसाला नीरा डाव्या कालव्याचे पाणी मिळते आणि श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना याच उसावर चालतो. पाणी बेसुमार दिले आणि निचरा नसला, तर जमीन क्षारपड होते, हे शेतकऱ्याला ‘माहीत असते’. त्यामागचे कारण कोणी सांगितले, की ते ‘समजते’. वावरात पांढरा थर दिसला, की ‘लक्षात येते’. तो थर आणि आपण दिलेले पाणी यांचा संबंध मनात जुळला, की ‘उमगते’. उसाचे एकरी टनेज घटले, की ‘प्रचीती येते’. आणि पुढच्या पाळीला दारे धरताना हात आपोआप आखडतो, तेव्हा त्याला ‘भान आले’ असे आपण म्हणतो. या सहाही ठिकाणी ‘जाणीव झाली’ लिहून पाहा; सगळी वाट एका पावलात संपून जाते.

वाक्यरचनाही पाहा. ‘आय रिअलाइज्ड’मध्ये ‘मी’ कर्ता आहे. मराठीत ‘मला कळले’, ‘मला उमगले’. येथे ज्ञान मिळवल्याचा दावा नाही. ते आपल्यापर्यंत आले आहे. बुद्धीने प्रयत्न केला असेल, तर ‘मी ओळखले’, ‘मी जाणले’ या रचना आपल्याकडे आहेतच. ‘मी रिअलाइज केले’ या वाक्यात हा भेद बुजून जातो.

‘अर्थ पोहोचला, म्हणजे झाले’ असा आक्षेप कोणी घेईल. पण भेद सांगणारा शब्द गेला, की भेद दिसेनासा होतो. ‘अवेअरनेस’चे फलक लावले, म्हणजे लोकांना भान आले, असे मग आपण समजू लागतो. वास्तविक फलकाने केवळ माहिती होते. माहिती आणि भान यांच्यामधले अंतर तोडणे हेच शिक्षणाचे खरे काम आहे. नोकरी, शेती, संसार सांभाळून शिकणाऱ्या आपणांस हे वेगळे सांगायला नको.

म्हणून पुढील अनुवादात ‘रिअलाइज’ भेटले, की शब्दकोशाआधी त्या पात्राकडे पाहा. त्याला नुसते कळले आहे, उमगले आहे, की त्याचे वागणे बदलले आहे? उत्तर मिळाले, की नेमका शब्द आपोआप सुचेल.