‘वर्क’ कापसासारखे, ‘जॉब’ संत्र्यासारखा

‘आय हॅव मेनी वर्क्स टुडे.’ आपल्या पांढुर्णा-सौंसर भागातील मुलांच्या वह्यांत हे वाक्य आम्हाला हमखास सापडते. नागपूरला मुलाखतीसाठी गेलेली मुलेही ‘आय वॉन्ट अ वर्क’ म्हणून जातात आणि समोरचा हसला की गप्प होतात. मग पालक म्हणतात, “घरात मराठी बोलतो, म्हणून इंग्रजी बिघडते.” हे म्हणणे आम्हाला मान्य नाही.

चूक मराठीच्या सवयीतून होते, हे खरे. आपण एक काम, दोन कामे म्हणतो. मुले तेच इंग्रजीत नेतात. पण ही चूक मराठीतूनच सुधारता येते.

आपल्या शेतातलेच पाहा. संत्री आपण मोजतो : एक संत्रे, दहा संत्री. पण ‘दहा कापूस’ कोणी म्हणत नाही. थोडा कापूस, खूप कापूस, दहा क्विंटल कापूस असेच म्हणतो. इंग्रजीतले ‘वर्क’ कापसासारखे आहे. त्याच्याआधी ‘अ’ नको, ‘मेनी’ नको, शेवटी ‘एस’ नको. ‘आय हॅव अ लॉट ऑफ वर्क’ म्हणावे. ‘जॉब’ मात्र संत्र्यासारखा : ‘अ जॉब’, ‘टू जॉब्ज’. म्हणून नोकरी मागताना ‘आय वॉन्ट अ जॉब’. ‘होमवर्क’लाही ‘एस’ लागत नाही.

एखादा हुशार विद्यार्थी विचारील, “मग पी.डब्ल्यू.डी. म्हणजे पब्लिक वर्क्स डिपार्टमेंट कसे?” प्रश्न बरोबर आहे. हे खाते 1854 मध्ये लॉर्ड डलहौसीच्या काळात सुरू झाले. तेथे ‘वर्क्स’ म्हणजे रस्ते, पूल यांसारखी बांधकामे. लेखकाच्या साहित्यकृतींना आणि कारखान्यालाही ‘वर्क्स’ म्हणतात. रोजच्या कामांना नाही.

1956 च्या राज्यपुनर्रचनेत आपला भाग मध्य प्रदेशात राहिला. तेव्हापासून घरी मराठी, कचेरीत हिंदी आणि नोकरीसाठी इंग्रजी अशा तीन भाषा आपली मुले सांभाळतात. 2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, तरी ही कसरत संपलेली नाही. अशा मुलांना चुकीबद्दल हसू नये, मराठी सोडायलाही सांगू नये. शिक्षकांनी फळ्यावर एका बाजूला कापूस आणि दुसऱ्या बाजूला संत्रे काढावे. पालकांनीही घरी हाच खेळ घ्यावा : दूध कोणत्या बाजूला, खुर्ची कोणत्या बाजूला? मातृभाषा पक्की असली की दुसरी भाषा समजावून घ्यायला आधार मिळतो, असे आम्हाला वाटते.