हूं म्हणणारा नायक

नायकाने बोलले पाहिजे, हा आपला जुना आग्रह आहे. संगीत नाटकात तो गाऊन बोलत असे, गद्य नाटकात पल्लेदार स्वगते म्हणू लागला, आणि हिंदी चित्रपटात तर नायकाची उंची त्याच्या संवादांवरूनच मोजली गेली. जो बोलत नाही तो दरबाराच्या कडेला उभा असलेला भालदार, असे आपण धरून चालतो. अशा प्रेक्षकाला कोणी सांगितले, की जपानमध्ये एका अत्यंत लोकप्रिय गोष्टीचे नायक गेली जवळजवळ चाळीस वर्षे तोंडातून अवाक्षर न काढता राजकन्या सोडवतात, बाप गमावतात, लग्न करतात, मुले वाढवतात आणि अधूनमधून जगही वाचवतात, तर त्याचा विश्वास बसणे कठीण.

हे नायक व्हिडिओ गेममधले आहेत, एवढ्यावरून वाचकांनी पान उलटू नये ही विनंती. ज्यांना 'रोल-प्लेइंग गेम' म्हणतात त्या प्रकारात हाणामारी असते, पण गाभा गोष्टीचाच असतो. एक नायक घेऊन गावोगाव हिंडायचे, भेटेल त्याच्याशी बोलायचे, सोबती जमवायचे, लढता लढता बळ वाढवायचे आणि कित्येक तासांच्या, बहुधा काही आठवड्यांच्या, वाटचालीनंतर गोष्ट शेवटास न्यायची. आता या वाटचालीत नायकाने स्वतः बोलावे की नाही, हा वाद या खेळांच्या चाहत्यांमध्ये जुना आहे आणि तो अजून मिटलेला नाही. माझे मत न बोलणाऱ्याच्या बाजूचे आहे. मात्र त्याला एक अट आहे, तिच्याकडे पुढे येऊ.

या नायकाचे जनक युजी होरी. १९८३ साली त्यांनी 'पोर्टोपिया' नावाच्या खुनाच्या तपासाचा एक खेळ लिहिला. त्यात खेळणारा असतो तपास अधिकारी, पण हा साहेब पडद्यावर कधी दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. बोलतो तो त्याचा मदतनीस यासू. 'इथे शोध घे', 'त्याला विचार' असे हुकूम खेळणाऱ्याने द्यायचे आणि यासूने ते पार पाडून काय आढळले ते सांगायचे. (खुनी कोण, हे जपानमध्ये आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, तरी इथे ते सांगत नाही. एवढेच म्हणतो, की फार बोलणाऱ्या माणसावर किती विश्वास ठेवावा, हा प्रश्न होरींना पहिल्यापासून पडलेला असावा.)

तीन वर्षांनी, मे १९८६ मध्ये, त्यांचा 'ड्रॅगन क्वेस्ट' आला. चित्रे अकिरा तोरियामा यांची, संगीत कोइची सुगियामा यांचे. सबंध खेळ मावला होता ६४ किलोबाइटमध्ये. आजच्या मोबाइलवरच्या एका साध्या फोटोलाही ती जागा पुरत नाही. जागेची टंचाई इतकी, की जपानी काताकाना लिपीतली जेमतेम वीस अक्षरे घेता आली, आणि राक्षसांची व मंत्रांची नावे त्या वीस अक्षरांत बसतील अशीच ठेवावी लागली. नायकाचे नाव खेळणाऱ्याने द्यायचे, तेही चार अक्षरांत. खेळ अर्ध्यावर थांबवायचा तर राजा वीस अक्षरांचा एक मंत्र सांगे; तो कागदावर उतरवून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी बिनचूक भरायचा. एक अक्षर चुकले की सगळे मुसळ केरात.

या हकिगतीवरून काही जण असा निष्कर्ष काढतात, की नायक मुका राहिला तो केवळ गरिबीपोटी. यंत्रात जागा नव्हती म्हणून तो बोलला नाही. आज जागा आहे, तर बोलू द्या. वरवर पाहता हे पटण्याजोगे आहे. पण त्याच ६४ किलोबाइटमध्ये राजा बोलतो, दुकानदार बोलतो, विहिरीकाठची म्हातारी बोलते, एवढेच काय, शेवटचा ड्रॅगनराजाही बोलतो. गरिबी सगळ्या घराला होती, मग उपास एकट्या नायकानेच का धरावा? उघड आहे, की तो ठरवून धरलेला उपास होता.

या उपासाचे मर्म समजायला आपल्याला जपानपर्यंत जाण्याचेही कारण नाही. आपल्याकडे आजी गोष्ट सांगायची तेव्हा ऐकणाऱ्याने 'हूं' म्हणायचे, असा दंडक होता. 'एक आटपाट नगर होते.' 'हूं.' 'तिथे एक राजा होता.' 'हूं.' पोराचा 'हूं' थांबला, की पोर झोपले असे समजून आजी गोष्ट थांबवायची. ऐकणाऱ्याचे गोष्टीत एवढेच काम, पण त्याच्यावाचून गोष्ट पुढे सरकत नसे. होरींचा नायक असा 'हूं' म्हणणारा आहे. समोरचा माणूस बोलतो आणि आपण कळ दाबतो, की तो पुढचे वाक्य बोलतो. क्वचित कधी तो प्रश्न विचारतो आणि पडद्यावर दोनच शब्द येतात: हो, नाही.

या दोन शब्दांतून होरींनी काय काय काढले, ते पाहण्यासारखे आहे. पहिल्याच खेळात सोडवून आणलेली राजकन्या शेवटी विचारते, मला बरोबर नेणार ना? 'नाही' म्हटले तर ती पुन्हा विचारते, पुन्हा 'नाही' म्हटले तर पुन्हा विचारते. 'हो' म्हणेपर्यंत सुटका नाही. हा झाला विनोद. पण त्याआधी ड्रॅगनराजाही एक प्रश्न विचारतो: माझ्या बाजूला ये, अर्धे जग तुला देतो, बोल. इथे 'हो' म्हणता येते, आणि म्हटले तर खेळ तिथेच बुडतो. बोलका नायक असता तर त्याने छाती पुढे काढून बाणेदार उत्तर दिले असते, आणि आपण टाळी वाजवून मोकळे झालो असतो. इथे उत्तर आपल्या अंगठ्याखाली असते. जपानमधल्या किती पोरांनी तो अंगठा, नुसते काय होते ते बघायला, 'हो'कडे नेला असेल!

१९९५ च्या 'क्रोनो ट्रिगर'मध्ये हाच विचार एक पाऊल पुढे गेला. खेळाच्या सुरुवातीला क्रोनो नावाचा मुलगा जत्रेत जातो. तिथे एका मुलीला त्याचा धक्का लागतो, ती पडते, तिच्या गळ्यातले लोलक घरंगळते. कोणाचे तरी जेवण मांडून ठेवलेले असते, एका पोरीचे मांजर हरवलेले असते. खेळणारा जत्रेतल्यासारखाच वागतो: जेवण खाऊन टाकतो, मांजराकडे दुर्लक्ष करतो, मुलीला उठवण्याआधी लोलक उचलतो. ती निघते राजकन्या, आणि पुढे क्रोनोवर तिला पळवल्याचा खटला उभा राहतो. तेव्हा सरकारी पक्ष जत्रेतल्या एकेका माणसाला साक्षीला बोलावतो. जेवण कोणी खाल्ले? लोलक आधी उचलले की पोरगी?

आरोपी गप्प आणि त्याच्या वागण्याचा पाढा दुसरेच वाचताहेत, हे दृश्य मराठी प्रेक्षकाला अनोळखी नाही. तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्ये १९६७ सालीच आपण ते पाहिले आहे. तिथे बेणारेबाईंची बाजू कोणी ऐकत नाही आणि आपल्याला त्यांची कणव येते. इथे मात्र पिंजऱ्यात आपणच असतो, आणि पुरावा खरा असतो! आपण जेवण खाल्लेलेच असते. क्रोनोला तोंड असते तर त्याने काही सबब सांगितली असती, आणि ती सबब लेखकाची असती. तो बोलत नाही म्हणून सबब आपल्याला आपल्या मनात शोधावी लागते. निकाल काही लागो, त्याची रवानगी कोठडीतच होते, हा भाग वेगळा.

पण या मौनाचे सोने झाले ते त्याआधी, १९९२ साली आलेल्या 'ड्रॅगन क्वेस्ट'च्या पाचव्या भागात. हा एका माणसाच्या सबंध आयुष्याचा खेळ. सुरुवातीला नायक लहान मूल असतो आणि पापास नावाच्या बापाचे बोट धरून हिंडतो. लढाईत आपल्याला जखम झाली, की बाप आपणहून ती बरी करतो. मग एके दिवशी शत्रू या मुलालाच ओलीस धरतो, आणि मुलाच्या जिवासाठी बाप हात खाली ठेवून मार खात खात मरतो. पुढे मुलाची दहा वर्षे गुलामीत जातात. सुटका, लग्न, मुले, आणि मग पुन्हा आठ वर्षे दगडाचा पुतळा होऊन उभे राहणे! इतके भोगूनही या माणसाच्या तोंडी एक वाक्य नाही.

म्हणजे, जवळजवळ नाही. बालपणीच्या गावात एक अनोळखी तरुण भेटतो. मुलाकडचा सोनेरी गोळा हातात घेऊन पाहतो, परत देतो आणि सांगतो, की बाळ, कितीही वाईट दिवस आले तरी हार मानू नकोस. खेळणारा हे विसरून जातो. कित्येक तासांनंतर, मोठा झालेला नायक काळाच्या मागे जाऊन त्याच गावात पोचतो, आणि चर्चजवळ त्याला एक लहान मूल दिसते. तो अनोळखी तरुण आपणच होतो, हे तेव्हा कळते. आता या वेळी पडद्यावर तरुणाचे शब्द येत नाहीत. येते ते फक्त मुलाचे उत्तर, की हो, मी हार मानणार नाही. घराकडे गेले तर बापही जिवंत भेटतो, पण त्याचे मरण टाळता येत नाही. नायकाचे एकुलते एक वाक्य आपण ऐकले ते लहानपणी, दुसऱ्याचे म्हणून. इतक्या साध्या युक्तीने इतके मोठे काम झालेले मी कादंबरीतही फार वेळा पाहिलेले नाही.

या नायकाला नावही नाही. ज्याने त्याने आपापले दिलेले. त्याचा एक परिणाम गमतीचा झाला. २०१९ साली या खेळावर चित्रपट निघाला. चित्रपटात नायकाला बोलावे लागते, त्याला हाक मारावी लागते. जे नाव वापरले ते या खेळावरच्या कादंबऱ्यांमध्ये साओरी कुमी या लेखिकेने ठेवलेले आपले नाव आहे आणि ते न विचारता घेतले, असे म्हणत बाई त्याच वर्षी न्यायालयात गेल्या.

बोलक्या नायकांनी काहीच मिळवले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. 'मास इफेक्ट' (२००७) मधला कमांडर शेपर्ड बोलतो आणि दमदार बोलतो. 'विचर'चा गेराल्ट तर कादंबरीतूनच आलेला, त्याने गप्प राहणे वेडेपणाचे ठरले असते. पण 'फॉलआउट' मालिकेचे काय झाले पाहा. तिसऱ्या भागात (२००८) नायक मुका होता. चौथ्यात (२०१५) त्याला आवाज दिला. स्त्री आणि पुरुष, दोन नटांकडून प्रत्येकी तेरा हजारांवर वाक्ये ध्वनिमुद्रित करून घेतली. एवढा खर्च करून हाती आले काय, तर चार कळांवर बसवलेली चार त्रोटक उत्तरे. कळ दाबावी एका मनाने आणि नायकाने बोलावे भलतेच, असे होऊ लागले. चाहत्यांनी वैतागून, नायक नेमके काय बोलणार ते आधीच दाखवणारी दुरुस्ती स्वतःच तयार केली. त्याच कंपनीने २०२३ च्या 'स्टारफील्ड'मध्ये नायकाला पुन्हा गप्प बसवले.

आता ती अट. नायकाने गप्प राहावे, पण त्याला कोणी तरी विचारले पाहिजे, आणि त्याच्या 'हूं'ची दखल घेतली पाहिजे. नुसत्या सवयीने पाळलेले मौन हे मौन नव्हे, तो बावळटपणा. 'ड्रॅगन क्वेस्ट'च्या अकराव्या भागात (२०१७) नायक गावी परततो तो गाव बेचिराख झालेले. कॅमेरा त्याच्या चेहऱ्याजवळ जातो, आणि चेहऱ्यावर म्हणावे असे काही उमटत नाही. पुढच्या आवृत्तीत सगळ्यांना आवाज मिळाले, त्यामुळे एकट्याचे गप्प राहणे अधिकच खटकते. ठिपक्याठिपक्यांनी काढलेल्या जुन्या बाहुलीला चेहराच नव्हता, म्हणून तिथे आपला चेहरा बसत होता. होरींनी स्वतः २०२४ मध्ये ही अडचण बोलून दाखवली: चित्रे खरी दिसू लागल्यावर नुसता उभा राहणारा नायक मूर्ख दिसतो. खरे आहे. पण यावर उपाय नायकाला बोलते करण्याचा नव्हे, कॅमेरा मागे घेण्याचा आहे, असे मला वाटते. रडणाऱ्या माणसाची पाठच दाखवावी, हे नाटकवाल्यांना कधीचे ठाऊक आहे.

या वादात आपले, म्हणजे मराठी खेळणाऱ्यांचे, एक वेगळे देणेघेणे आहे. हे खेळ मराठीत येत नाहीत. सांगलीत किंवा डोंबिवलीत बसून जो खेळतो तो इंग्रजीत खेळतो, आणि नायक बोलका असेल तर त्याच्या वतीने अमेरिकन हेल काढून कोणी तरी बोलते. रागावला तरी इंग्रजीत, रडला तरी इंग्रजीत. मुका नायक मात्र कोणत्याच भाषेचा नसतो. नावाच्या चौकटीत रोमन अक्षरांत 'दिनू' असे लिहून जो पोरगा निघतो, त्याला बापाच्या मरणानंतर काय म्हणायचे असते ते तो मराठीतच म्हणतो.

उद्या कोणी मराठीत असा खेळ करायला घेतला, तर त्याच्याकडे एकच मागणे. गावच्या पाटलाला बोलू द्या, एसटीच्या कंडक्टरला बोलू द्या, पाराखालच्या म्हाताऱ्यांना तर मनसोक्त बोलू द्या, आणि प्रत्येकाला आपापल्या मुलखाची बोली द्या. त्यांच्यातली एखादी आजी मध्येच थांबून विचारील, 'ऐकतोयस ना रे?' तेवढ्यापुरती एक कळ आमच्यासाठी ठेवा.