वीज कोणाच्या हाती?

२३ डिसेंबर २०१५ ची दुपार. युक्रेनमध्ये ऐन थंडीत सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांचे दिवे एकाएकी मालवले. वादळ झाले नव्हते, की रोहित्र जळाले नव्हते. तीन वीज वितरण कंपन्यांच्या नियंत्रणकक्षांत दूरवरून शिरलेल्या हातांनी उपकेंद्रांतील ब्रेकर एकामागून एक पाडले. खरी मेख पुढेच आहे. उपकेंद्रांना नियंत्रणकक्षाशी जोडणाऱ्या छोट्या उपकरणांतील मूळ आज्ञावली पुसून घुसखोरांनी तेथे आपली घातकी आज्ञावली घातली, आणि उपकरणांनी ती मुकाट्याने स्वीकारली! काही तासांनी वीज परतली, ती उपकेंद्रांवर धावलेल्या कामगारांनी हाताने ब्रेकर लावले म्हणून.

आज्ञा देणारा धनी की चोर, हे पारखण्याची शक्तीच त्या उपकरणांच्या अंगी नव्हती. ह्यावर उपाय आहे. उपकरणाच्या चिपमध्ये, पुढे कधीही बदलता येणार नाही अशी खूण कारखान्यातच कोरून ठेवावयाची. यंत्र सुरू होताच आज्ञावलीवरील निर्मात्याची अंकीय स्वाक्षरी त्या खुणेशी ताडून पाहिली जाते. स्वाक्षरी खोटी ठरली तर ती आज्ञावली चालतच नाही. सॉफ्टवेअरचा पहारेकरी सॉफ्टवेअरनेच फितूर करता येतो. सिलिकॉनमध्ये कोरलेली खूण दूरवरून खोडता येत नाही.

अर्थात माणसाच्या बेफिकिरीपुढे कुलूपही हतबल ठरते. २०१७ साली सौदी अरेबियातील एका पेट्रोरसायन कारखान्याच्या सुरक्षा-नियंत्रकावर हल्ला झाला. धोका दिसताच कारखाना आपोआप थांबवावा, एवढ्यासाठीच ही यंत्रणा असते. तिच्यात परस्पर बदल होऊ नये म्हणून खरीखुरी किल्ली होती. पण ती फेरबदलाला मुभा देणाऱ्या खुणेवरच फिरवून ठेवलेली होती! किल्ली असणे आणि ती सांभाळणे, ही दोन्ही कर्तव्ये आहेत.

हे परक्यांचे दुखणे म्हणून आपण स्वस्थ बसावे काय? २०२१ साली केंद्र सरकारने मंजूर केलेल्या वितरण सुधारणा योजनेत २५ कोटी प्रीपेड स्मार्ट मीटरांचे उद्दिष्ट ठेवलेले आहे. महाराष्ट्रातही हे मीटर बसत आहेत. आपल्याकडे त्यांवरून वाद रंगतो तो बिलाचा. परंतु ह्या मीटरला दूरवरून आज्ञा देऊन घराची वीज तोडता येते, ह्याचा विचार किती जण करतात? ती आज्ञा खरी की खोटी, हे मीटर कशाच्या आधारे ठरवणार?

युरोपीय संघाने २०२४ साली कायदा करून जोडणीक्षम उपकरणांच्या सुरक्षिततेची जबाबदारी निर्मात्यांवर टाकली. तिच्या मुख्य अटी डिसेंबर २०२७ पासून लागू व्हावयाच्या आहेत. आमची मागणी ह्याहून अवघड नाही. चिपमधील संरक्षण ही निविदेतील अट असावी, त्याची तपासणी त्रयस्थाने करावी आणि किल्ल्या कोणाच्या ताब्यात आहेत हे जनतेला सांगावे. भिंतीवर चढलेल्या मीटरमध्ये नवी चिप मागाहून घालता येत नाही. तहान लागल्यावर विहीर खणण्याची आपली जुनी सवय येथे अंधारातच नेऊन सोडील!