भरल्या ताटावरची उपासमार

मानसशास्त्राच्या तासाला ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव आले की वर्गात हमखास खसखस पिकते. खायला असून न खाणे, हा कसला आजार? श्रीमंतांचे चोचले, दुसरे काय! ज्या घरांत १९७२ चा दुष्काळ आणि खडी फोडण्याच्या कामावर मिळालेली सुकडी यांच्या गोष्टी अजून निघतात (आमचे घर त्यांतलेच), तिथे असे वाटणे स्वाभाविक आहे. तरीही हे मत चूक आहे, आणि ते एखादीच्या जिवावर बेतू शकते.

घोटाळा नावातच आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ भूक नसणे. १८७३ च्या सुमारास लंडनच्या डॉ. विल्यम गल यांनी हे नाव रूढ केले. पण या रुग्णाची भूक बहुधा मेलेली नसते. तो तिच्याशी झुंजत असतो. अशी मुलगी घरच्यांसाठी हौसेने रांधील, आग्रहाने वाढील आणि स्वतःचे ताट बाजूला सारील. हाडे दिसू लागली तरी जाड होण्याचे भय जात नाही. मुलींत हा आजार अधिक, पण मुलगेही त्यातून सुटलेले नाहीत.

‘मन घट्ट कर, सुटेल,’ असे म्हणणाऱ्यांनी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचा प्रयोग वाचावा. १९४४-४५ मध्ये ॲन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीने, सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले. त्यांना हा आजार नव्हता. तरी ते चिडचिडे, उदास, एकलकोंडे झाले. पाककृतींची पुस्तके वाचत बसू लागले. म्हणजे उपासमारच मनाला पोखरते, आणि पोखरलेल्या मनाला पुन्हा उपासमारच हवी होते. या चक्रात निव्वळ निश्चय काय करणार?

आपल्याकडे तर न खाणाऱ्या मुलीचे कौतुकच होते. सोमवार, चतुर्थी, एकादशी करते म्हणजे गुणाची. बारीक झाली म्हणजे आता स्थळे येतील! उपवासाला माझा विरोध नाही, साबुदाण्याच्या खिचडीला तर मुळीच नाही. पण उपवास दुसऱ्या दिवशी सुटतो. हा सुटत नाही, आणि त्याच्या आडोशाला आजार वर्षभर लपून राहतो. अमेरिकन गायिका कॅरेन कार्पेंटर १९८३ साली अवघ्या ३२ व्या वर्षी याच आजाराने हृदय निकामी होऊन गेली, तेव्हा कुठे जगाचे डोळे उघडले.

बळेच घास कोंबणे हाही उपाय नव्हे. फार दिवस उपाशी असलेल्या देहाला एकदम भरपूर अन्न दिले तर रक्तातील क्षार बिघडून जीव जाऊ शकतो. म्हणून रक्त व हृदय तपासणारा डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ, दोघेही हवेत. लंडनच्या मॉडस्ले रुग्णालयात रुजलेल्या उपचारात आईबापांना दोष न देता मुलांना जेवू घालण्याचे काम त्यांच्याकडेच सोपवतात. कोवळ्या वयाच्या रुग्णांना त्याचा चांगला उपयोग होतो. मैत्रिणीचा डबा रोज भरलेलाच परत जात असेल, तर तिच्या घरी ही माहिती द्यायला हरकत नाही. तिला वाईट वाटले तरी.