रथाची मोगरी आणि वेगाची मोटार

आषाढी एकादशीस पिंप्राळ्यात रथ निघतो, तेव्हा भाविकांची दृष्टी पांडुरंगाकडे लागलेली असते. आमची मात्र चाकांकडे वळते. रथ ओढणारे हात शेकडो असतात. परंतु नेमक्या क्षणी चाकाखाली लाकडी मोगरी सरकवून तो अजस्र भार वळविणारे आणि थांबविणारे सेवेकरी मोजकेच. त्यांच्या भरवशावरच रथ गर्दीतून पुढे सरकतो.

परवा एका स्नेह्यांकडे पिता-पुत्रांत वाद चालला होता. मुलास टर्बो इंजिनाची वेगवान मोटार हवी होती. वडिलांस ती उधळपट्टी वाटत होती. निवाडा आमच्याकडे आला.

निव्वळ शक्तीचा हिशेब मुलाच्या बाजूने पडतो, हे मान्य केले पाहिजे. 2018 साली आलेल्या टियागो जेटीपीची मूळ किंमत 6 लाख 39 हजार आणि शक्ती 114 अश्वशक्ती; म्हणजे एका अश्वशक्तीस सुमारे 5,600 रुपये. 2024 च्या अल्ट्रोझ रेसरला हाच दर सुमारे 7,900 पडला. उलट, 2025 मध्ये परदेशातून आलेल्या गोल्फ जीटीआयला तो 20,000 च्या घरात जातो! स्वस्ताईचे एक कारण करातही आहे. चार मीटरच्या आतील लांबी आणि 1200 घनसेंटिमीटरपर्यंतचे पेट्रोल इंजिन असलेल्या मोटारीस सप्टेंबर 2025 पासून 18 टक्के कर लागतो, मोठ्या मोटारीस 40 टक्के. म्हणूनच लहान इंजिनास टर्बोची जोड देण्याकडे कारखानदारांचा कल.

ही शक्ती निरुपयोगी आहे, असेही नव्हे. सावदा-रावेरकडे केळीने भरलेला ट्रक पुढे असताना तो झटपट ओलांडता येणे, म्हणजे समोरच्या बाजूस कमी वेळ राहणे होय. त्या सोयीसाठी लाखभर रुपये अधिक मोजणाऱ्यास आम्ही उधळ्या म्हणणार नाही.

पण वेग दुप्पट झाला की मोटार थांबावयास लागणारे अंतर जवळजवळ चौपट होते. येथे मोगरी आठवते. रांजणगावात तयार झालेल्या अबार्थ पुंटोस 145 अश्वशक्तीबरोबर चारही चाकांना डिस्क ब्रेक होते. तिची 2015 ची 9 लाख 95 हजारांची किंमत आम्हांस त्यामुळेच रास्त वाटली होती. (ती आता नवी मिळत नाही, आणि जुनी घेणाऱ्याने सुट्या भागांची चौकशी आधी करावी.) याउलट, वाढीव पैसा केवळ रंगीत पट्टे, मोठा आवाज आणि नावाच्या बिल्ल्यासाठी जात असेल, तर तो सौदा महाग होय.

आम्ही मुलास इतकेच विचारले, "तुझ्या गाडीस मागे ब्रेक कोणते?" त्यास ते ठाऊक नव्हते. शून्यावरून शंभरचा वेग किती सेकंदांत येतो, ते मात्र दशांशापर्यंत पाठ होते. वडील हसले नाहीत. त्यांनी चष्मा लावला आणि चांगल्या टायरांची किंमत विचारली.