एकशेवीस तासांचे काय?

उन्हाळी परीक्षांचे निकाल लागू लागले, की अमरावती आणि अकोला या दोन्ही शहरांत एकच प्रश्न घरोघर विचारला जातो. एम.ए., एम.एस्सी. किंवा एम.कॉम. झालेल्या मुलाला वा मुलीला तो आईबाप विचारतात, शेजारी विचारतात, आणि लग्नकार्यात वर्षातून एकदा भेटणारे दूरचे मामाही विचारतात : ‘आता पुढे काय?’ या प्रश्नाची ठरलेली उत्तरे तीन आहेत. ‘नेट-सेट देतो आहे’, ‘एमपीएससीचा अभ्यास चालू आहे’, किंवा ‘तासिकेवर शिकवतो आहे’. तिन्ही उत्तरे प्रामाणिक आहेत आणि त्यांमागे कष्ट आहेत, हे आम्ही जाणतो. परंतु महाविद्यालय आणि सरकारी कचेरी यांपलीकडे आपल्या ज्ञानाला कोणी विचारील, असे त्यांपैकी एकाही उत्तरात गृहीत धरलेले नाही. आमच्या मते या प्रश्नाचे खरे दुखणे येथेच आहे.

या वाटा किती अरुंद आहेत, हे सांगावयास नको. तासिका तत्त्वावरील अध्यापकास जितके तास तितकेच मानधन मिळते आणि सुटीचे महिने रिकामे जातात. असे करीत चाळिशी गाठलेली विद्वान माणसे प्रत्येक वाचकाच्या परिचयात निघतील. पीएच.डी.ची कथा तर अधिकच उद्बोधक आहे. विद्यापीठीय विभागांत सहायक प्राध्यापक होण्यास पीएच.डी. आवश्यक राहील, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये जाहीर केले, पुढे त्याची मुदत वाढविली, आणि जुलै २०२३ मध्ये ती अट काढून नेट, सेट किंवा स्लेट ही किमान पात्रता कायम ठेवली. बदललेला नियम चुकीचा होता असे आमचे म्हणणे नाही. पण ज्यांनी त्या अटीकडे पाहून ऐन उमेदीची पाच वर्षे प्रबंधात घातली, त्यांना ‘दुसरीही एखादी वाट पाहून ठेव’ असे वेळीच कोणी सांगितले होते काय? ते सांगणे हे आपले कर्तव्य आहे, असे विद्यापीठांना आजवर वाटले नाही.

आता मात्र ती सबब उरलेली नाही. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यात २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमाची जी रचना आली, तिच्यात पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात चार श्रेयांकांचे प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण किंवा क्षेत्रीय प्रकल्प ठेवलेला आहे. विद्यार्थी त्याला ‘ओजेटी’ म्हणतात. चार श्रेयांक म्हणजे सुमारे १२० तास. विद्यार्थ्याने वर्गाबाहेर पडून जेथे काम चालते तेथे जावे, हात लावावा आणि त्याचा अहवाल लिहावा, अशी ही कल्पना आहे. कल्पना उत्तम आहे. पण ओळखीच्या एखाद्या दुकानातून वा संस्थेतून शिक्क्याचे प्रमाणपत्र आणावे, मागील वर्षीच्या अहवालाची पाने चाळून नवा अहवाल बांधून घ्यावा आणि गुण मिळवावेत, एवढ्यावर ती संपली, तर हे १२० तास म्हणजे आणखी एक पेपर होईल, आणि तोही परीक्षेवाचून उत्तीर्ण होण्याचा!

हे असेच व्हावे असा काही नियम नाही. अकोल्यालाच पाहा. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे पदवीचे विद्यार्थी शेवटच्या वर्षी ग्रामीण कार्यानुभवासाठी खेड्यात जातात. बीजप्रक्रिया कशी करावी, बोंडअळीसाठी सापळे कसे लावावेत, हे ते शेतकऱ्याच्या बांधावर उभे राहून दाखवितात. गावकरी त्यांना ‘कृषिदूत’ आणि ‘कृषिकन्या’ म्हणून ओळखतात, वर्तमानपत्रांत त्यांची छायाचित्रे येतात. त्यांतील काही प्रात्यक्षिके छायाचित्रापुरतीच होत असतील, हे आम्ही नाकारीत नाही. तरीही आपली विद्या कोणाच्या उपयोगी पडावयाची आहे, हे त्या मुलांनी एकदा डोळ्यांनी पाहिलेले असते. त्याच शहरात रसायनशास्त्र वा समाजशास्त्र शिकणाऱ्या मुलीला ते का पाहावयास मिळू नये?

‘वऱ्हाडात काम आहेच कोठे?’ असा प्रश्न यावर तत्काळ येतो. उद्योग पुण्याला आणि संस्था मुंबईला, हे खरे आहे. पण काम आणि नोकरीची जाहिरात या दोन गोष्टी एक नव्हेत. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरलेला आहे. तेथील विहिरींचे खारे पाणी पिढ्यान्‌पिढ्यांचे दुःख आहे. रसायनशास्त्राच्या दहा विद्यार्थ्यांनी १२० तास दहा गावांच्या पाण्याची पद्धतशीर तपासणी केली आणि तिची नोंद भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या व ग्रामपंचायतीच्या हाती दिली, तर ते शिक्षणही होईल आणि कामही होईल. मेळघाटात आरोग्यसेवक आणि कोरकू माता यांच्यामध्ये भाषेची भिंत उभी राहते. भाषेच्या विद्यार्थ्यांनी आजार, आहार आणि बाळंतपण यांविषयीच्या कोरकू शब्दांचा साधा मराठी संग्रह केला, तर धारणी-चिखलदऱ्याच्या दवाखान्यांत तो रोज उघडला जाईल. नांदगाव पेठेजवळ पंतप्रधान मित्र वस्त्रोद्योग उद्यान व्हावयाचे आहे. देशातील अशा सात उद्यानांपैकी ते एक असून सप्टेंबर २०२४ मध्ये त्याची पायाभरणी झाली. तेथे केवळ यंत्रावरचे कामगार लागतील असे नाही. हिशेब, गुणवत्ता-तपासणी, सांडपाण्याची देखरेख आणि कामगार-कल्याण यांसाठी शिकलेली माणसेही लागतील. ती बाहेरून येणार की येथली असणार, हे आजच ठरत आहे.

कलाशाखेला असे काम मिळणार नाही, असे मानणाऱ्यांनी रिद्धपूरकडे पाहावे. तेराव्या शतकात ‘लीळाचरित्र’ ज्या गावी लिहिले गेले, त्याच गावी आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे, आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. या दोन्ही गोष्टींचा आनंदोत्सव झाला, तो योग्यच होता. परंतु महानुभाव मठांतील पोथ्या वाचावयाच्या तर सकळ लिपी वाचणारी माणसे हवीत, हस्तलिखितांची सूची करणारे हवेत, कागद जपणारे आणि संगणकावर त्यांच्या प्रती उतरविणारे हवेत. मराठीत एम.ए. झालेल्या किती विद्यार्थ्यांनी एखादी पोथी हातात धरलेली आहे? रिद्धपूर अमरावती जिल्ह्यातच आहे. एस.टी.ने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येते.

विद्यापीठ म्हणजे रोजगार विनिमय केंद्र नव्हे, ज्ञानासाठी ज्ञान हेच त्याचे ब्रीद, असा आक्षेप काही ज्येष्ठ प्राध्यापक घेतात. त्यांच्याविषयी आम्हांस आदर आहे. त्यांतील कित्येकांनी खरोखरच आयुष्यभर त्या ब्रीदाला जागून शिकविले. पण ज्यांच्या नावाने कृषी विद्यापीठ उभे आहे, त्या पंजाबराव देशमुखांनी वैदिक वाङ्मयातील धर्मावर विलायतेत प्रबंध लिहिला आणि पुढे १९५२ ते १९६२ या काळात ते देशाचे कृषिमंत्री होते. त्यांच्या वेदाभ्यासाला शेतीने कमीपणा आणला नाही. शिवाय ज्ञानासाठी ज्ञान ही चैन ज्यांच्या घरी पोटाची सोय आहे त्यांनाच परवडते. आमच्या डोळ्यांसमोर आहे ती दर्यापूरची किंवा मूर्तिजापूरची मुलगी, जिला पुण्याच्या अभ्यासिकेत दोन वर्षे काढण्याची घरून मुभा नाही आणि ऐपतही नाही. पुण्याला जाऊ शकणारा आपली वाट काढील. हिला मात्र जे काही मिळावयाचे ते येथेच, या दोन वर्षांतच मिळावयाचे आहे.

संशोधक विद्यार्थ्यांच्या बाबतीत तर आयोगाचे २०२२ चे पीएच.डी. विनियमच पुरेसे आहेत. प्रत्येक संशोधकाला आपल्या विषयाच्या अध्यापनाचे व लेखनाचे शिक्षण मिळाले पाहिजे आणि आठवड्यास चार ते सहा तास अध्यापन-साहाय्याचे काम त्याच्याकडे देता येईल, असे त्यांत म्हटले आहे. ब्रिटनमध्ये २००२ साली सर गॅरेथ रॉबर्ट्‌स यांनी सरकारला दिलेल्या अहवालात संशोधकांना वर्षातून किमान दोन आठवडे अशा सर्वोपयोगी कौशल्यांचे शिक्षण द्यावे अशी शिफारस केली, आणि सरकारने त्यासाठी पैसाही दिला. आपल्याकडे नियम आहे, पैशाचे काय ते पाहावयाचे आहे. मार्गदर्शकाच्या घरची कामे करणे हा या नियमातील अध्यापन-साहाय्याचा अर्थ नव्हे, एवढे येथे नमूद करणे अवश्य वाटते.

संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ १ मे १९८३ रोजी नागपूरपासून वेगळे झाले, ते वऱ्हाडच्या गरजा वऱ्हाडातच ओळखल्या जाव्यात म्हणून. त्या विद्यापीठाकडे आणि त्याच्या पाच जिल्ह्यांतील महाविद्यालयांकडे आमची मागणी मोठी नाही. प्रत्येक पदव्युत्तर विभागाने सत्र सुरू होण्यापूर्वी संस्था आणि कामे यांची यादी लावावी. ‘अमुक कार्यालय’ एवढेच नव्हे, तर तेथे कोणते काम करावयाचे हे तीत लिहिलेले असावे. खेड्यापाड्यांत जाणाऱ्यांचा प्रवासखर्च विभागाने द्यावा. अहवाल सोप्या मराठीत लिहिला जावा आणि ज्या संस्थेत काम झाले तेथे तो विद्यार्थ्याने उभे राहून वाचून दाखवावा. गुण त्यानंतर द्यावेत. आणि पदवी घेऊन दोन वर्षे झालेले विद्यार्थी आज काय करीत आहेत, याची विभागवार माहिती विद्यापीठाने दरवर्षी प्रसिद्ध करावी. ती वाचून काही विभागांना संकोच वाटेल, वाटू द्यावा. नव्याने प्रवेश घेणाऱ्या मुलाला आणि त्याच्या बापाला ती माहितीपत्रकातील रंगीत छायाचित्रांहून अधिक उपयोगी पडेल.

पहिल्या वर्षाचे दुसरे सत्र हिवाळी परीक्षांनंतर सुरू होते. त्यापूर्वी अमरावती आणि अकोल्यातील किती विभागांच्या फलकांवर अशी यादी लागते, ते पाहण्यास आमचे प्रतिनिधी जातील, आणि जे दिसेल ते याच पानावर छापले जाईल.